एकाच नांवाच्या दोन दुर्बिणी

पैठणी घ्यावयास गेलेली चोखंदळ गृहिणी दुकानांत बसतांच पहिला प्रश्न विचारते तो हा : ही पैठणची कीं येवल्याची? नांव पैठणचें आणि माग येवल्याचा, असें कित्येक पिढ्या चाललें असूनहि हा प्रश्न कांहीं संपत नाहीं. मुरलेला दुकानदार त्याला उत्तर देत बसत नाहीं, तो पदर उलगडून पुढें टाकतो आणि म्हणतो, "वहिनी, विणकाम पाहा." श्रोतेहो, आज ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे ती आपल्यापैकीं फार थोड्यांच्या घरीं असेल. ती म्हणजे रायफलीवर बसवावयाची दुर्बीण. परंतु तिच्याविषयींहि असाच प्रश्न कित्येक वर्षें विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तरावर लोक रोख पैसे मोजीत आले आहेत.

दुर्बिणीवर नांव असतें झाइस. ज्यांनीं बंदूक कधीं हातांत धरली नाहीं त्यांच्याहि हें नांव परिचयाचें आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्रावर, छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर, चष्मेवाल्याच्या फलकावर तें आपण वाचलेलें असतें. पण १९४५ नंतर सुमारें पंचेचाळीस वर्षें ह्या एका नांवाचे जर्मनींत दोन उद्योग होते. दोन निरनिराळ्या राज्यांत, एकमेकांविरुद्ध न्यायालयांत उभे असलेले. दोहोंकडे बंदुकीच्या दुर्बिणी बनत. म्हणून जुनी दुर्बीण विकत घेणारा मनुष्य विचारतो, ही येनाची कीं वेट्झ्लारची? येनाचा पक्षपाती म्हणतो, मूळ गांव येना, जुने कारागीर येनाचे, तेव्हां खरी झाइस तीच. दुसरा म्हणतो, विद्या पश्चिमेकडे गेली, येनाला उरलें तें केवळ नांव. दोघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें तथ्य आहे. पण माझें मत असें झालें आहे कीं, हा प्रश्नच जरा चुकीच्या ठिकाणीं विचारला जातो. आणि तो कोठें विचारावा हें समजण्यासाठीं ह्या कारखान्याची हकीकत थोडी मागून सांगावी लागेल.

कार्ल झाइस नांवाच्या यंत्रकारागिरानें १८४६ सालीं येना ह्या विद्यापीठाच्या गांवीं एक लहानसा कारखाना थाटला. विद्यापीठांतील प्राध्यापकांना उपकरणें बनवून द्यावीं, मोडलेलीं दुरुस्त करावीं, हा त्याचा धंदा. पुढें तो सूक्ष्मदर्शक यंत्रें करूं लागला. त्या काळीं चांगलें भिंग जमविणें ही अनुमानधपक्याची कला होती. कारागीर भिंगांच्या जोड्या लावून पाही, एक काढी, दुसरें घाली, आणि बऱ्याच खटपटीनंतर एखादी जोडी जमून जाई. जमलेली जोडी पुन्हां तशीच जमेल ह्याची शाश्वती नसे. म्हणजे गुण होता तो एका माणसाच्या हातांत आणि डोळ्यांत. तो माणूस थकला कीं गुणहि थकला. बिघडलेलें यंत्र झाइस स्वतः ऐरणीवर ठेवून हातोड्यानें फोडी, अशी त्याची आठवण सांगतात. पण फोडल्यानें वाईट यंत्र गिऱ्हाइकाकडे जात नाहीं एवढेंच. चांगलें यंत्र त्यानें निर्माण होत नाहीं.

१८६६ मध्यें झाइसनें विद्यापीठांतला एक तरुण अध्यापक, एर्न्स्ट आबे, आपल्या मदतीला घेतला. आबे हा सूतगिरणींत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्याचे विषय. भिंगाची वक्रता, काचेची जात, दोन भिंगांमधील अंतर हें सर्व आधीं कागदावर मांडावें आणि मगच काच घासावयास घ्यावी, असा त्यानें आग्रह धरला. आणि १८७२ पासून झाइसचीं सूक्ष्मदर्शक यंत्रें त्याच्या गणितावरून बनूं लागलीं. गणिताला हवी तशी काच मिळेना, तेव्हां ओटो शॉट ह्या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन १८८४ मध्यें येनालाच काचेचा कारखाना उभारण्यांत आला. (ह्याच आबेनें पुढें आपली मालकी सोडून कारखाना एका प्रतिष्ठानच्या स्वाधीन केला, आणि १९०० सालीं कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. तो भाग मोठा हृद्य आहे, पण त्याला स्वतंत्र भाषण पाहिजे.)

गणित बरोबर असलें तरी काच त्याबरहुकूम घासली गेली कीं नाहीं, हें कसें कळावें? त्यासाठीं ह्या धंद्यांत एक फार सुंदर युक्ति आहे. अत्यंत अचूक घासलेली एक कसोटीची काच घ्यावयाची आणि तयार झालेल्या भिंगावर ती अलगद ठेवावयाची. दोन्ही पृष्ठें तंतोतंत जुळलीं तर सर्वत्र एकच रंग दिसतो; मध्यें जरा जरी फट राहिली तरी साबणाच्या फुग्यावर दिसतात तसलीं रंगीत कडीं उमटतात. एका कड्याचा फरक म्हणजे मिलिमीटरचा सुमारें चार हजारावा भाग. एवढी सूक्ष्म चूक ओळखण्याला अवजड यंत्र लागत नाहीं. ती काच आणि ती पाहणारा सरावलेला डोळा असला कीं पुरे. मला हें फार महत्त्वाचें वाटतें. कारण गणित वहींत उतरवितां येतें, आणि कसोटीची काच खिशांत घालून नेतां येते. आबेनें भिंगाचा गुण कारागिराच्या हातांतून काढून वहींत आणि कसोटींत ठेवला, तेव्हांच तो गुण एका गांवाला बांधलेला राहिला नाहीं.

झाइसनें बंदुकीची पहिली दुर्बीण १९०४ मध्यें काढली. पहिल्या महायुद्धानंतर 'त्सीलफिअर', 'त्सीलझेक्स' आणि 'त्सीलआख्ट' हीं नांवें प्रसिद्धीस आलीं. जर्मन भाषेंत त्सील म्हणजे लक्ष्य. पुढचा अंक वस्तु किती पटींनीं मोठी दिसते तें सांगतो : चार, सहा, आठ. नांवांतला हा व्यवहारीपणा मला आवडतो. दुर्बिणीची रचना थोडक्यांत अशी. लक्ष्याच्या बाजूला मोठें पदार्थभिंग असतें. तें नळीच्या आंत लक्ष्याची उलटी प्रतिमा पाडतें. मधल्या भिंगांची जोडी ती सुलट करते, आणि डोळ्याजवळचें नेत्रभिंग ती मोठी करून दाखवितें. प्रतिमा जेथें पडते नेमक्या त्याच जागीं नेम धरण्याच्या बारीक रेषा बसविलेल्या असतात; त्यामुळें लक्ष्य आणि रेषा दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. साध्या बंदुकीवर मागची खांच, पुढचा कांटा आणि दूरचें लक्ष्य ह्या तिन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नजर ठेवावी लागते, तो त्रास येथें नाहीं. डोळा मात्र नेत्रभिंगापासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर ठेवावा लागतो. नाहीं तर बार उडतांच नळीची कडा भुवईवर आपटते.

१९२८ मध्यें झाइसनें वेट्झ्लार येथील हेन्सोल्ट ह्या जुन्या दुर्बीण-कारखान्याचे बहुसंख्य भाग विकत घेतले. म्हणजे एका मालकाचे दोन कारखाने ही गोष्ट जर्मनीच्या फाळणीपूर्वींचीच आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सरकारनें कारखान्यांचीं नांवें शत्रूला कळूं नयेत म्हणून मालावर नांवाऐवजीं सांकेतिक अक्षरें कोरावयास लाविलीं. येनाच्या झाइसच्या वाट्याला बी-एल-सी हीं तीन अक्षरें आलीं, वेट्झ्लारच्या हेन्सोल्टच्या वाट्याला बी-एम-जे. नेमबाज सैनिकांच्या मौझर रायफलींवर दोन्हींकडच्या चार पटींच्या दुर्बिणी चढल्या. ज्या सैनिकाच्या हातीं जी आली तिच्यावर त्याचा जीव अवलंबून होता. अक्षरें पाहून निवड करण्याची चैन त्याला नव्हती. जीं अक्षरें नांव लपविण्यासाठीं कोरलीं, तींच आज संग्राहक भिंगाखालीं धरून वाचतात आणि त्यांवरून किंमत ठरवितात, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

आतां १९४५ सालाकडे येतों. एप्रिलच्या १३ तारखेला अमेरिकन सैन्य येनांत शिरलें. परंतु दोस्तांच्या आपसांतील ठरावाप्रमाणें थुरिंगिया प्रांत रशियाच्या ताब्यांत जावयाचा होता, आणि जुलैच्या प्रारंभीं रशियन सैन्य तेथें आलें. मधल्या अडीच महिन्यांत अमेरिकनांनीं येथून काय न्यावें ह्याचा विचार केला. यंत्रें जड, माणसें हलकीं. कारखान्याचे चालक, गणिती, शास्त्रज्ञ आणि काचेच्या कारखान्यांतले निवडक जाणते लोक त्यांनीं कुटुंबांसह पश्चिमेकडे हायडेनहाइम गांवीं नेले. ह्या मंडळींनीं १९४६ मध्यें जवळच्या ओबरकोखेन येथें नवा कारखाना सुरू केला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रशियनांनीं येनाच्या कारखान्यांतलीं बहुतेक यंत्रें उखडून आपल्या देशांत नेलीं, आणि त्यांबरोबर कित्येक कसबी माणसेंहि नेलीं. झाइसच्याच कुटुंबांतल्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची सामग्री अशीच युक्रेनमध्यें पोंचली, आणि तेथून 'कीव्ह' नांवाचा जवळजवळ तसाच कॅमेरा निघूं लागला. येनांत मागें राहिल्या त्या भिंती, थोडीं यंत्रें, आणि काच घासणारे व पारखणारे हात. १९४८ मध्यें त्या हातांचा कारखाना सरकारी मालकीचा झाला.

एखाद्या प्रयोगशाळेंत मुद्दाम मांडावा असा हा प्रयोग इतिहासानें करून ठेवला आहे. कारखान्याचें डोकें एकीकडे, यंत्रें दुसरीकडे, हात तिसरीकडे. गुण जर केवळ डोक्यांत असता तर येना संपलें असतें. केवळ हातांत असता तर ओबरकोखेन कधीं उभें राहिलें नसतें. घडलें तें असें कीं, कांहीं वर्षांतच दोन्हींकडून पहिल्या प्रतीचीं भिंगें निघूं लागलीं. एका बाजूनें नवे हात शिकवून तयार केले, दुसरीनें नवीं यंत्रें उभारलीं आणि नवे गणिती घडविले. वही आणि कसोटी मात्र दोघांकडे एकाच घराण्याची होती.

मग भांडण सुरू झालें तें नांवाचें. झाइस हा शब्द कोणी लावावा ह्यावर देशोदेशींच्या न्यायालयांत खटले चालले. इंग्लंडांत तर एका खटल्यांत असा पेंच पडला कीं, इंग्रज सरकार पूर्व जर्मनी हें राज्यच मानीत नाहीं, तेव्हां तेथील अधिकाऱ्यांच्या कृत्यांना कायद्यानें काय समजावें? १९६६ मध्यें लॉर्ड्सच्या सभेनें तें राज्य म्हणजे रशियाच्या हाताखालचा एक अधिकारी अवयव समजून त्यांतून वाट काढली. शेवटीं १९७१ मध्यें लंडनला दोन्ही पक्षांनीं समझोता करून जगाची वांटणी केली. पश्चिमेकडील कित्येक देशांत येनाच्या मालावर झाइस हें नांव न घालतां नुसतें 'येना' घालावें, आणि पूर्वेकडील देशांत ओबरकोखेनच्या मालावर 'ओप्टोन' घालावें, असें ठरलें. म्हणजे एकच भिंग सरहद्द ओलांडतांना नांव बदलीत असे. भिंगाला त्याची खबर नव्हती.

पश्चिमेकडे बंदुकीच्या दुर्बिणी ओबरकोखेनला नव्हे, तर वेट्झ्लारच्या हेन्सोल्टच्या कारखान्यांत होत. आधीं हेन्सोल्टच्या आणि पुढें झाइसच्या नांवानें 'डियाटाल' व 'डियाव्हारी' म्हणून त्या विकल्या गेल्या. पूर्वेकडे त्या येनाच्या नांवानें निघत, आणि उत्तरकाळीं आइसफेल्ड येथील शाखेनेंहि हें काम संभाळलें. ह्या दोन माळांतल्या दुर्बिणी समोरासमोर ठेवल्या तर काय दिसतें? येथें थोडा हिशेब करूं.

दुर्बीण प्रकाश गोळा करते, पण वाटेंत गमावतेहि. काच आणि हवा जेथें भेटतात अशा प्रत्येक पृष्ठावरून शंभरांतले चार-पांच भाग प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत अशीं दहा पृष्ठें धरलीं तर शंभर भागांतले सुमारें चौसष्टच डोळ्यापर्यंत पोंचतात. शिवाय परत फिरलेला प्रकाश नळींत इकडेतिकडे भटकून चित्रावर धुकें पसरतो, तें वेगळेंच. १९३५ मध्यें झाइसच्याच आलेक्सांडर स्माकुला ह्या शास्त्रज्ञानें काचेवर एक अतिशय पातळ पारदर्शक लेप बसविण्याची रीत काढली. त्या लेपानें दर पृष्ठावरील तोटा दीड भागावर आला असें धरलें, तर पोंचणारा प्रकाश चौसष्टावरून शहाऐंशींवर जातो. पुढें एकावर एक अनेक लेप देण्याची रीत निघाली. तिनें तोटा अर्ध्या भागावर आणला तर तोच आंकडा पंचाण्णव होतो. आतां हे तीन आंकडे पाहा. चौसष्ट, शहाऐंशीं आणि पंचाण्णव. हा फरक गांवाचा नाहीं, सालाचा आहे. लेपाची विद्या येनांत जन्मली आणि १९४५ मध्यें दोन्ही वाटांनीं गेली. एकाच दशकांतल्या, सारख्याच जपलेल्या येनाच्या आणि वेट्झ्लारच्या दोन दुर्बिणी घेतल्या तर चित्राच्या मध्यभागीं फरक शोधावा लागतो. १९३० ची येना आणि १९८० ची येना ह्यांत तो शोधावा लागत नाहीं. तो आपण होऊन डोळ्यांत भरतो.

हा प्रकाशाचा हिशेब जर्मनींत एवढ्या काटेकोरपणें कां करतात, हेंहि सांगितलें पाहिजे. तेथील कायद्याप्रमाणें हरणासारख्या प्राण्यांची शिकार सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंतच करतां येते. रानडुकराला ही मर्यादा नाहीं, त्याच्यासाठीं चांदण्यांत बसतात. म्हणून संध्याकाळच्या शेवटच्या कवडशांत रेषा दिसतात कीं नाहीं ह्यावर तेथें दुर्बिणीची परीक्षा होते. जनावर नीट ओळखतां आलें नाहीं तर बार न काढणें हाच तेथला शिरस्ता आहे. अशा कामासाठीं आठ पटींची आणि छपन्न मिलिमीटर पदार्थभिंगाची दुर्बीण वापरतात. छपन्नाला आठांनीं भागलें कीं सात येतात; म्हणजे नेत्रभिंगांतून सात मिलिमीटर रुंदीचें प्रकाशाचें वर्तुळ बाहेर पडतें. तरुण माणसाची बाहुली अंधारांत साधारण तेवढीच उघडते. साठीच्या माणसाची बहुधा पांचांपाशींच थांबते. तेव्हां ह्या मोठ्या भिंगाचें पुरें मोल देणाऱ्या आजोबांना त्यांतला बराच प्रकाश मिळतच नाहीं. तो बुबुळाच्या कडेवर पडून वायां जातो. येना कीं वेट्झ्लार ह्यावर तावातावानें बोलणारे पुष्कळसे गृहस्थ ह्याच वयाचे असतात, हें मला विनोदानेंच सांगावेंसें वाटतें.

दुसरी एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. जुन्या दुर्बिणींतून पाहिलें तर नेमाच्या रेषा वर्तुळाच्या मध्यावर न दिसतां एका बाजूला सरकलेल्या दिसतात, आणि पाहणारा लगेच म्हणतो, ह्या कारखान्याचें काम ढिलें. वास्तविक तो दोष नव्हे. जुन्या रचनेंत वरची कळ फिरविली कीं रेषाच खालींवर सरकत. डावीउजवीकडची दुरुस्ती तर पुष्कळ जुन्या जर्मन दुर्बिणींत नसेच, ती बंदुकीवरच्या बैठकींतून करावयाची असे. बैठक ज्यानें बसविली त्याच्या हाताचा वांकडेपणा अशा वेळीं दुर्बिणीच्या कारखान्याच्या माथीं मारला जातो. पुढच्या काळांत रेषा स्थिर दिसाव्या आणि चित्र सरकावें अशी रचना आली, आणि रेषा नेहमीं मध्यावर राहूं लागल्या. हाहि फरक सालाचाच.

मग कारखान्याकारखान्यांत फरक मुळींच नाहीं काय? आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. माझ्या मतें तो काचेपेक्षां धातूंत अधिक आहे. दुर्बीण बार उडतांना बसणारा धक्का हजारों वेळां सोसते. आंतलें प्रत्येक भिंग, प्रत्येक आटा जागच्या जागीं राहिला पाहिजे. नळी बंद करून आंतली दमट हवा काढणें आणि तिच्या जागीं कोरडा नायट्रोजन भरणें, कमीअधिक पटी करतां येणाऱ्या दुर्बिणींत सरकणारीं भिंगें डगमगूं न देणें, ह्या कामांत शेवटच्या पंधरावीस वर्षांत वेट्झ्लार पुढें होतें असें मला वाटतें. त्याचें कारण कारागिराच्या बोटांत शोधूं नये. वेट्झ्लारला ऑस्ट्रियन आणि अमेरिकन प्रतिस्पर्धी समोर होते आणि हवा तो माल जगाच्या बाजारांतून आणतां येत होता; येनाला सरकारी योजनेंत ठरलेल्या मालावर भागवावें लागे. उलट साध्या, एकाच पटीच्या चार किंवा सहा पटींच्या दुर्बिणींत येनाच्या वस्तूची बरोबरी करणारी वस्तु त्याच पैशांत क्वचित् मिळे. तेव्हां जो म्हणतो येना कनिष्ठ, त्याला विचारावें, कोणती येना? कोणत्या सालची, कोणत्या जातीची?

ज्याला खरोखरच तुलना करावयाची आहे त्यानें प्रथम एक कागदाची पट्टी घ्यावी आणि दोन्ही नळ्यांवरचें नांव झांकून टाकावें. मग दुसऱ्या कोणाला तरी त्या मांडावयास सांगाव्या. नांव दिसत असतांना डोळा प्रामाणिक राहत नाहीं. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला स्पर्श न करतां, डोकें किंचित् डावीउजवीकडे हलवावें; शंभर मीटरवरच्या लक्ष्यावर रेषा सरकतांना दिसल्या तर प्रतिमा आणि रेषा एका जागीं नाहींत असें समजावें. त्यानंतर परवानगी असलेल्या मैदानावर एक गोळी मारावी, कळ वीस खुणा उजवीकडे, मग वीस वर, वीस डावीकडे आणि वीस खालीं फिरवीत प्रत्येक कोपऱ्याला एकेक गोळी मारावी. एका खुणेला शंभर मीटरवर एक सेंटिमीटर असें माप असेल तर वीस सेंटिमीटरचा चौकोन उमटला पाहिजे, आणि शेवटची गोळी पहिल्या छिद्रापाशीं परत आली पाहिजे. पुष्कळ दुर्बिणी, ज्यांतून चित्र अतिशय सुंदर दिसतें, येथें उघड्या पडतात. आणि एवढें करूनहि जें कळतें तें त्या एका नगाविषयीं. एका नगावरून कारखान्याचा न्याय करणें म्हणजे एका शितावरून साऱ्या गांवाच्या पंक्तीची परीक्षा करणें होय. आणि तो नगहि चाळीस वर्षें कोणाच्या हातांत, कोणत्या हवेंत गेला हें आपणांस ठाऊक नसतें.

जर्मनीचें ऐक्य १९९० मध्यें झालें, आणि त्यानंतर ओबरकोखेननें येनाच्या उद्योगाचा मुख्य भाग आपल्यांत सामावून घेतला. आइसफेल्डच्या कारखान्याची गोष्ट अधिक बोधक आहे. तो १९९१ मध्यें वेट्झ्लारच्याच डॉक्टर नांवाच्या उद्योजकानें घेतला. तेथून निघणाऱ्या दुर्बिणींवर काल झाइसचें नांव होतें, आतां डॉक्टर हें नांव आलें. इमारत तीच, कारागीर पुष्कळसे तेच, 'नोबिलेम' ही दोन डोळ्यांची प्रसिद्ध दुर्बीणहि तीच. ज्यांना ही हकीकत माहीत होती त्यांनीं नव्या नांवाची दुर्बीण स्वस्तांत घेतली. ज्यांना माहीत नव्हती ते झाइस हें अक्षर असलेल्या, पण निकामी झालेल्या जुन्या नगासाठीं अधिक पैसे देत राहिले. उलट आज झाइसचें नांव असलेल्या कांहीं दुर्बिणी जर्मनीबाहेरहि बनतात.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचे दिवस संपले, आणि तें योग्यच झालें. तरीहि जुन्या घराण्यांच्या कपाटांत आजोबांची एखादी जर्मन दुर्बीण अजून निघते, आणि मग ही येनाची काय, हिची किंमत किती, असें विचारणें होतें. अशा वेळीं नांव वाचण्यापूर्वीं ती उजेडाकडे धरून पदार्थभिंगाच्या बाजूनें आंत पाहावें. मुंबईच्या आणि कोंकणच्या पावसाळी हवेंत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती फार दिवस राहिली तर लेपासकट काच खाते. मग ती काढूनहि डाग राहतो. दोन भिंगें जेथें चिकटविलेलीं असतात तेथें कॅनडा बालसम सुटून तेलाच्या थेंबासारखे ठिपके किंवा इंद्रधनुष्याच्या छटा दिसतात. तें काम दुरुस्त होतें, पण जाणत्याच्याच हातून. भिंग कोरड्या धोतराच्या कापडानें कधीं पुसूं नये. आधीं धूळ फुंकून किंवा मऊ कुंचल्यानें काढावी, नाहीं तर तीच धूळ लेपावर ओरखडे काढते. आणि दुर्बिणीबरोबर आलेली ती सुरेख चामड्याची पेटी वेगळी ठेवावी. चामडें ओल धरतें. दुर्बीण हवेशीर कपाटांत किंवा ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीबरोबर घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी, आणि पावसाळ्यांत ती पुडी महिन्यातून एकदां बदलावी.